पान आपलं, देठ त्यांचं

पावसाळा लागला की येरवड्याच्या भाजीबाजारात आलं-मिरचीच्या शेजारी गवती चहाच्या जुड्या दिसू लागतात. लांब, अरुंद, निळसर हिरवी पानं मधोमध दुमडून सुतळीनं बांधलेली असतात. पानाच्या कडेवरून टोकाकडून बुडाकडे बोट फिरवलं तर चरचरतं, कारण कडेला सिलिकाचे बारीक दाते असतात. चुरगाळलं की लिंबाचा वास येतो. आपण ही पानं कात्रीनं कापून आल्याबरोबर आधणात टाकतो, आणि जुडीच्या बुडाशी चुकून एखादं पांढरट, जाड देठ आलं असेल तर ते काढून टाकतो.

बँकॉकच्या बाजारातही याच गवताच्या जुड्या असतात, पण तिथे पानं छाटलेली असतात. विकायला असतं ते वीतभर देठ, कांद्याच्या पातीच्या बुडासारखं गोलसर आणि फिकट. ते खलबत्त्यात ठेचतात, चकत्या करतात, सारात उकळतात. एकाच ठोंबाचं वरचं टोक पुण्याच्या चहात आणि खालचं टोक बँकॉकच्या सारात. थायलंड, मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम इथल्या घरगुती जेवणाकडे मी जसजशी बारकाईनं पाहत गेले, तसतशी हीच गोष्ट पुन्हा पुन्हा समोर आली. वस्तू आपल्याच घरातल्या असतात. त्यांनी झाडाचा वेगळा भाग उचललेला असतो, नाहीतर तोच भाग वेगळ्या वेळी भांड्यात टाकलेला असतो. चवीतलं सगळं अंतर त्या निवडीतून पडलेलं आहे.

आधी या गवताबद्दलच थोडं अधिक सांगायला हवं, कारण ते तेवढं विलक्षण आहे. परसात लावलेला गवती चहा सहसा फुलतच नाही. बी नाही म्हणून रोप नाही. ठोंब फोडायचा आणि फुटवा दुसरीकडे लावायचा, एवढाच त्याचा प्रसार. म्हणजे शेजारणीकडून आणलेला फुटवा हे नवं झाड नसतं, तिच्याच झाडाचा तुकडा असतो. तिनं तो माहेराहून आणलेला, तिच्या आईनं आणखी कुणाकडून. वनस्पतिशास्त्रज्ञ या जातीचं मूळ श्रीलंकेपासून आग्नेय आशियाच्या बेटांपर्यंतच्या पट्ट्यात शोधतात, आणि आज ती जवळजवळ सगळीकडे माणसानं लावलेलीच दिसते. डब्यात, कुंडीत, नळाच्या सांडपाण्याशी वाढणारा आपला ठोंब हा अशा हातोहात चालत आलेल्या एका फार जुन्या झाडाचा जिवंत भाग आहे.

त्याच्या वासाचा धनी आहे सिट्रल नावाचा पदार्थ. गवती चहाच्या तेलात साधारण ७० ते ८० टक्के तोच असतो. एकटं सिट्रल उकळायला २०० अंशांच्या वर तापमान लागतं, तरी पाण्याबरोबर ते १०० अंशांच्या आतच वाफ होऊन निघून जातं. पाणी आणि तेल एकमेकांत मिसळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक जण आपापल्या वाफेचा दाब स्वतंत्रपणे देतो. दोघांचा दाब मिळून हवेच्या दाबाइतका झाला की मिश्रण उकळतं. अत्तरवाले पानाफुलांतून तेल काढतात ते याच युक्तीनं. घरात मात्र हीच गोष्ट उलटी पडते. उघड्या भांड्यात दहा मिनिटं उकळलेल्या चहात रंग उरतो आणि वास शेजारच्या घरी जातो. पानं शेवटी टाकून, गॅस बंद करून झाकण ठेवलं तर तो कपात राहतो.

सिट्रल मधमाश्यांनाही कळतं. कामकरी माशीच्या पोटाच्या टोकाशी एक ग्रंथी असते. घराची वाट चुकलेल्या बहिणींना बोलावण्यासाठी ती माशी पोटाचं टोक वर करून पंखांनी या ग्रंथीचा वास हवेत पसरवते, आणि त्या वासात सिट्रल असतं. म्हणून मधपाळ रिकाम्या पेटीत गवती चहाच्या तेलाचे दोन थेंब लावून ठेवतात, की फिरतं मोहोळ तिथे उतरावं. आणखी एक गोष्ट अशी, की जर्मनीतल्या रसायनशास्त्रज्ञांनी १८९३मध्ये सिट्रलपासून आयोनोन बनवलं. त्याला व्हायोलेट फुलांचा वास होता. पुढे याच आयोनोनपासून अ जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागलं आणि त्यासाठी केरळातल्या गवताचं तेल कोचीहून परदेशी जात राहिलं. या गवताचं एक सख्खं भावंड आपल्या खानदेशात डोंगरउतारावर वाढतं. ते रोशा गवत. त्याच्या तेलाचा वास इतका गुलाबासारखा, की एके काळी ते मुंबईहून तुर्कस्तानला जाई आणि तिथे गुलाबाच्या अत्तरात मिसळलं जाई.

आता देठाकडे वळू. थायलंडच्या तोम यामला, म्हणजे कोळंबीच्या आंबट-तिखट साराला, युनेस्कोनं २०२४मध्ये मानवतेच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. त्यात गवती चहाचं ठेचलेलं देठ असतं, एका जाड सालीच्या लिंबाची पानं असतात, मिरची, लिंबाचा रस आणि आल्यासारखा दिसणारा पण आल्याहून कडक, देवदाराची आठवण करून देणारा एक कंद. तो कंद शोधायला विमानतळावर जायची गरज नाही. पुण्याच्या काष्ठौषधींच्या दुकानात तो वाळलेल्या, तांबूस तुकड्यांत मिळतो आणि त्याचं नाव कुलिंजन. गाणारी मंडळी आवाज बसला की त्याचा तुकडा दाढेखाली धरतात. तिकडे रोजच्या सारात पडणारी वस्तू आपल्याकडे औषधाच्या फडताळात जाऊन बसली. ताज्या कंदाचा सुगंध वाळक्यात उरत नाही हे खरं, पण झाड तेच. येरवड्याहून पूल ओलांडून पलीकडे कोरेगाव पार्कात १९९७मध्ये ‘मलाका स्पाइस’ हे रेस्टॉरंट सुरू झालं आणि पुणेकरांना या चवी ताटात भेटू लागल्या. त्या चवींच्या पाठीमागची मुळं-पानं मात्र त्याआधी कितीतरी पिढ्या इथे होती.

मला सगळ्यात जास्त थक्क केलं ते भातानं. मलेशियात सकाळी नाक्यानाक्यावर नासी लमाक मिळतो. नारळाच्या दुधात शिजवलेला भात, त्याच्याबरोबर मिरचीचा झणझणीत सांबल, तळलेले सुके मासे, शेंगदाणे, काकडी, उकडलेलं अंडं, सगळं केळीच्या पानात बांधलेलं. भात शिजताना त्यात पंडन नावाच्या झाडाचं लांब पान गाठ मारून टाकतात. पंडन हा आपल्या केवड्याचा भाऊ. आपण केवड्याचं कणीस वासासाठी घेतो, ते पंडनचं पान घेतात. पण गंमत पुढे आहे. पंडनच्या पानाला ज्या रेणूमुळे वास येतो, त्याच रेणूमुळे बासमतीला वास येतो आणि आपल्या मावळातल्या आंबेमोहरालाही. त्याचं नाव लांबलचक आहे, टू-असिटिल-वन-पायरोलिन. पुणे विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात सुवासिक तांदूळ आणि पंडन या दोन्हींतल्या या रेणूवर संशोधन झालं आहे. म्हणजे क्वालालंपूरची बाई जो वास पान टाकून भातात आणते, तो आंबेमोहराच्या दाण्यातच भरलेला आहे.

तो तांदळात आला कसा? बासमती आणि थायलंडचा जास्मिन तांदूळ यांचा अभ्यास झाला तेव्हा कळलं की त्यांच्या एका जनुकातली आठ अक्षरं गळालेली आहेत. त्या जनुकानं बनवायचं विकर त्यामुळे कामाचं राहत नाही, ते ज्या पदार्थाची विल्हेवाट लावायचं तो साचत जातो, आणि त्या साठ्यातून हा सुगंध तयार होतो. एक मोडकं जनुक कुणा शेतकऱ्याच्या नाकाला आवडलं आणि त्यानं त्या लोंबीचं बी वेगळं राखून ठेवलं. आपलं नाक या रेणूला विलक्षण हळवं आहे. पाण्यात एक अब्जांशाच्या दहाव्या भागाइतका असला तरी तो जाणवतो. भाजलेल्या पावाच्या कडेला तो असतो, मक्याच्या लाह्यांत असतो, आणि रतनलाल ब्रह्मचारी या बंगाली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं की वाघ आपली हद्द आखण्यासाठी जो द्रव झाडांवर उडवतो त्यातही असतो. जंगलात वाघाच्या वाटेवर भाताचा वास येतो असं जे म्हणतात, त्यामागे हे रसायन आहे.

नारळीपौर्णिमेचा भात नासी लमाकच्या शेजारी ठेवून पाहा. तांदूळ, नारळ, सुगंध हे तिन्ही आहेत. आपण गूळ आणि लवंग घालून त्याला सणाचा केला, त्यांनी मीठ आणि सांबल देऊन रोजच्या न्याहारीचा. त्यातली लवंग तर मूळची तिकडचीच. इंडोनेशियाच्या मालुकू बेटांमधल्या तेर्नाते, तिदोरे अशा मूठभर ज्वालामुखी बेटांवरच लवंगेची झाडं होती. आपण वापरतो ती न उमललेली कळी.

जायफळाची कथा अधिक कडू आहे. ते त्याहून दक्षिणेच्या बांदा बेटांवर वाढे. त्याच्या व्यापारावर एकट्याचा ताबा हवा म्हणून १६२१मध्ये यान पीटरसून कून या डच अधिकाऱ्यानं बांदाच्या हजारो लोकांना मारलं, उरलेल्यांना गुलाम केलं किंवा हुसकावलं. बांदातलंच रुन नावाचं एक बेट इंग्रजांचं होतं. १६६७च्या ब्रेडाच्या तहात त्यांनी त्यावरचा हक्क सोडला आणि डचांनी मॅनहॅटनवरचा. आज पुरणात आपण चिमूटभर जायफळ किसतो ते इतक्या रक्तातून आलेलं आहे, हे मला कधी विसरता येत नाही. बांदाचे लोक या फळाचा बाहेरचा पिवळा गरही साखरेत मुरवून खातात. आपल्याकडे शतकानुशतकं नुसती वाळलेली बी आणि तिच्यावरची लाल जायपत्री पोचत होती, गर तिकडेच राहत होता. आता दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठानं ‘कोकण सुगंधा’, ‘कोकण स्वाद’ अशा जाती दिल्यावर नारळी-पोफळीच्या सावलीत जायफळाची झाडं उभी राहिली, आणि कोकणात या गराचं लोणचं आणि सरबत होऊ लागलं. बीच्या मागून फळ पोचायला इतका काळ लागला.

या देवघेवीची खोली कळायला येरवड्यातलंच डेक्कन कॉलेज उपयोगी पडतं. तिथल्या पुरातत्त्वज्ञांनी १९६८पासून सुमारे दीड दशक शिरूर तालुक्यात, घोड नदीकाठी इनामगावला उत्खनन केलं. तीन हजार वर्षांहून जुन्या चुलींभोवती जळून कोळसा झालेले दाणे सापडले आणि त्यावरून त्या घरांचं जेवण कळलं. त्यात मुख्य धान्य होतं जव. मिरची, शेंगदाणा, बटाटा, टोमॅटो, पपई यांतलं काहीही तिथे असणं शक्य नव्हतं, कारण हे सगळं अमेरिका खंडातलं. पोर्तुगीजांनी १५१०मध्ये गोवा घेतलं आणि पुढच्याच वर्षी तिथून निघून मलाक्का घेतलं. त्यांच्या आणि स्पॅनिशांच्या जहाजांतून या वस्तू आपल्याकडे आणि आग्नेय आशियात जवळपास एकाच काळात उतरल्या. दोन्हीकडच्या बायकांपुढे तीच नवी सामग्री आली. त्यांनी तिचं काय केलं हे पाहण्यासाठी थायलंडची सोम ताम आणि आपली खमंग काकडी यांच्याइतकी चांगली जोडी नाही.

रस्त्यावर सोम ताम विकणारी बाई कच्ची पपई सोलून एका हातात धरते आणि दुसऱ्या हातातल्या सुरीनं तिच्यावर उभे उभे घाव घालत जाते. मग सुरी आडवी फिरवून वरचा थर तासते, की पातळ, असमान काड्या पडतात. हे आपलं काकडी चोचवणंच आहे, कुणी कोचवणं म्हणतं. किसणीवर किसलेल्या काकडीला पाणी सुटून ती मऊ पडते, चोचवलेली कुरकुरीत राहते, हे तिलाही माहीत आहे. मग ती मातीच्या उभट उखळीत लसूण आणि मिरच्या घेते, लाकडी मुसळानं दोन-चार ठोके देते. सुकी कोळंबी, ताडाचा गूळ, भाजलेले दाणे, चवळीच्या शेंगांचे तुकडे, टोमॅटोच्या फोडी, लिंबू, माशाचं खारं पाणी. शेवटी पपई. एका हातातलं मुसळ वर-खाली जातं आणि दुसऱ्या हातातला मोठा चमचा खालचं वर आणत राहतो. ती कुटत नाही, नुसतं दुखावते. पपईच्या काड्या मोडायच्या नसतात, त्यांना ओरखडे पडून रस आत शिरायचा असतो. मिक्सरमधून हे होत नाही, कारण पातं कापतं आणि मुसळ चिरडतं. लसूण किंवा मिरची चिरडली की तिच्या पेशी फुटून तेल बाहेर येतं.

आता खमंग काकडी बघा. चोचवलेली काकडी, दाण्याचं कूट, हिरवी मिरची, लिंबू, चिमूट साखर, मीठ, हवं तर ओलं खोबरं. आंबट, तिखट, गोड, खारट, वर दाण्याचा खमंगपणा, अगदी तोच हिशेब. फरक दोन ठिकाणी. आपण शेवटी तुपात जिरं तडतडवून वरून फोडणी देतो, तिकडे फोडणी नाही आणि तूप तर नाहीच. आणि त्यांच्याकडे मासा आहे, जो उपासाच्या काकडीत चालणार नाही. ते माशाचं पाणी म्हणजे छोटे मासे आणि मीठ थरावर थर लावून महिनोन्‌महिने ठेवलेलं. माशाच्याच आतड्यातली विकरं त्याचं मांस विरघळवतात आणि मागे राहतो तो मटणाच्या रश्श्यासारखा खोल स्वाद. आपल्याकडे तो स्वाद सुकटीत आणि जवळ्यात आहे. येरवड्यात सुकी मासळी मिळतेच. थोडा जवळा तव्यावर कोरडा भाजून मिरची-लसणाबरोबर ठेचला आणि कच्ची पपई, चवळीच्या शेंगा, लिंबू, गूळ, दाणे घेतले तर घरच्या खलबत्त्यात सोम ताम होते. हुबेहूब होत नाही, पण तिच्या फार जवळची होते. गर्भार बाईला मात्र कच्ची पपई देऊ नये, त्यातल्या चिकाचा त्रास होऊ शकतो.

खाणं आणि औषध यांत भिंत न घालण्याची सवयही दोन्हीकडे आहे. जावा बेटावर पहाटे बायका पाठीशी टोपली बांधून बाहेर पडतात. टोपलीत बाटल्या असतात, बाटल्यांत जामू. ओली हळद आणि चिंच यांचं एक, तांदूळ आणि एका सुगंधी कंदाचं दुसरं, कडू पाल्याचं तिसरं. गिऱ्हाईक काय दुखतं ते सांगतं, बाई दोन बाटल्यांतलं मिसळून पेला पुढे करते. जामूच्या या परंपरेला युनेस्कोनं २०२३मध्ये वारशाच्या यादीत घेतलं. पुण्यात सकाळी बागांबाहेर कारल्याचा, आवळ्याचा, दुधीचा रस घेऊन उभे असतात ते विक्रेते मला याच बायकांचे भाऊबंद वाटतात. पण त्यांच्या पेल्यात बहुतेक एकच भाजी असते आणि ती नाक दाबून प्यायची असते. जामू करणारी बाई चव जमवते. औषध म्हणून घ्यायचं ते रुचकर असावं हा तिचा आग्रह मला फार मोलाचा वाटतो.

याच्या अगदी उलट बाजूनं विचार करणारा माणूस इथे नगर रस्त्यावर राहून गेला. आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना, १५ ऑगस्ट १९४२ला त्यांचे सचिव महादेवभाई देसाई गेल्यावर दोन आठवड्यांच्या आत गांधीजींनी आरोग्यावर एक छोटं पुस्तक लिहायला घेतलं आणि डिसेंबरात पुरं केलं. ‘आरोग्याची किल्ली’ म्हणून ते ओळखलं जातं. हवा, पाणी, अन्न, माती, ऊन यांवर त्यात प्रकरणं आहेत. जिभेसाठी घातलेले मसाले त्यांना अनावश्यक वाटत. चहा-कॉफीऐवजी गरम पाणी, मध आणि लिंबू त्यांना पुरेसं होतं. इतक्या मोठ्या दुःखातही रोजच्या माणसाच्या पोटाचा विचार करणारं ते मन मला नमवतं. तरी मसाल्यांबाबत मी जामूवालीच्या बाजूची आहे. चव नसलेलं पथ्य घरात आठवडाभरही टिकत नाही, हे प्रत्येक घरातल्या बाईला ठाऊक असतं.

मात्र मसाला म्हणजे औषधच असं समजून तो ओतू नये. चिमूटभर जायफळ पुरणात छान, पण चमचा-दोन चमचे पोटात गेलं तर छातीत धडधड, ओकाऱ्या, भ्रम होतात. सिट्रल प्रयोगशाळेत जंतूंना रोखतं, म्हणून कपभर चहानं ताप उतरेल असं होत नाही. इंडोनेशियाच्या औषध नियंत्रकांना बाजारातल्या पाकीटबंद जामूत पुन्हा पुन्हा स्टेरॉइड आणि वेदनाशामक गोळ्यांची भेसळ सापडते. आपल्याकडेही ‘शुद्ध आयुर्वेदिक’ चूर्णांत हे प्रकार उघडकीला आले आहेत. पाकिटापेक्षा घरी केलेलं बरं.

हळद-चिंचेचं जामू करायला सोपं आहे. संक्रांतीच्या पुढेमागे मंडईत ओली हळद येते. दोन बोटं हळद धुऊन सालीसकट किसावी, चार पेले पाण्यात दहा मिनिटं मंद उकळावी. सुपारीएवढी चिंच, दोन खडे गूळ आणि किंचित मीठ घालून आणखी पाच मिनिटं ठेवावं, मग फडक्यातून गाळावं. हळदीचा मुख्य घटक आतड्यातून रक्तात फारसा उतरत नाही आणि मिऱ्यानं तो अधिक उतरतो, असं बंगळुरूच्या अभ्यासात १९९८मध्ये दिसलं होतं, तेव्हा दोन मिरे ठेचून घालायला हरकत नाही. जावातल्या बायका हे गारही पितात. रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या चालू असतील तर रोज घेण्याआधी डॉक्टरांना विचारावं. हाताला लागलेला पिवळा रंग दोन दिवस जात नाही, म्हणून किसण्याआधी बोटांना थोडं खोबरेल लावावं.